डबल बेल

बटणमावशीला कशाकशाची भीती वाटते हे सांगत बसलं तर तेच पुराण होईल. त्यापेक्षा कशाची वाटत नाही ते सांगून टाकावं. सुईची. झालं, संपलं. बाकी लिफ्ट, कुत्रं, झुरळ, गॅसचा वास, अनोळखी नंबर, ओळखीचा पण अवेळी आलेला नंबर, दवाखान्याची पायरी, दारावरची जोरात थाप, सगळ्यांपुढे ती गार. कुणी मागून "मावशी" म्हटलं तरी दचकून "अगं बाई!" म्हणायची आणि मग स्वतःच हसायची. इमारतीतली पोरं मुद्दाम मागून यायची, दुसरं काय!

पण भित्रं माणूस म्हणजे दुःखी माणूस असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. मावशीची सकाळ बघायला हवी होती. पहिल्या मजल्यावरची एकच खोली, खिडकीला लागून टेबल, टेबलावर टेलरमास्तरांनी पाठवलेले कोट नि जाकिटं. मास्तरांचं दुकान खाली, रस्त्यावर. मशीनचं काज मास्तर स्वतः करायचे, पण महागाच्या कोटाचं हातकाज फक्त मावशीचं. दोरा मेणावरून ओढायचा, खडूची रेघ बघायची, कात्रीचं टोक खुपसून नेमका छेद द्यायचा आणि मग कडेनं एकाला एक लागून टाके. एक काज पुरं झालं की ती त्यातून बटण आरपार काढून बघायची. ते अलगद गेलं की तिला जे बरं वाटायचं ना, ते काय सांगावं! परक्या माणसाच्या छातीवर आपला हात बसणार, त्याला कळणारही नाही, याची तिला मोठी गंमत वाटायची. मग चहा, मग रेडिओ, मग पुन्हा टाके. दिवस कसा जायचा कळायचं नाही.

या सुखाला एक कारण होतं, आणि ते ती कुणाला सांगायची नाही. शेजारची खाट रिकामी होती. नवरा गेला तेव्हा तो त्याच खाटेवर होता. सकाळी उठून मावशीनं चहा केला, हाका मारल्या, मग चिडून बोलायला लागली. किती लोळायचं, कालपासून नळ गळतोय, माझंच मेलीचं सगळं. चांगलं घटकाभर बोलली. पांघरूण ओढायला गेली आणि पायाला हात लागला तेव्हा कळलं. गेलेल्या माणसाशी आपण भांडत होतो! तेव्हापासून कुणाचं दार उघडायचं, कुणाचं पांघरूण सारायचं म्हटलं की तिच्या काळजात धस्स व्हायचं. पोटी मूल नव्हतं. एकटी राहायला लागल्यावर तिला हळूहळू उमगलं की सकाळी डोळे उघडताना ज्याच्याकडे बघायला भ्यावं असं आता घरात कुणी नाही. तिला मोकळं वाटलं, आणि त्या मोकळं वाटण्याची लाजही वाटली.

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याजवळ, कंडक्टरबाई राहायची. बसमध्ये कंडक्टर होती, निवृत्त झाली पण आवाज निवृत्त झाला नाही. जिन्यात कुणी गप्पा मारत उभं असलं की वरून गर्जना, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" तिला कशाचंच भय नव्हतं. दारुड्यांना चालत्या गाडीतून उतरवलेलं माणूस ते. रोज संध्याकाळी ती खाली यायची, मावशीच्या खुर्चीत ऐसपैस बसायची आणि मावशीनं तेवढ्यासाठी आणून ठेवलेली बिस्किटं संपवून म्हणायची, "ए बटण, तू कशाला जगतेस गं? रोज तर मरतेस." मावशीला राग यायचा नाही. ती संध्याकाळची वाट दुपारपासूनच बघायची.

डबल बेल ही कंडक्टरबाईचीच कल्पना. आसपास एकट्या राहणाऱ्या चौघी, या दोघी आणि समोरच्या इमारतीतल्या पोस्टवाली आणि लायब्ररीवाली. शेजारच्या गल्लीत एक म्हातारी पडून होती आणि कुणाला पत्ताच नाही असं झालं, तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. कंडक्टरबाईनं टेबलावर हात आपटून ठरवलं. सकाळी उठल्याबरोबर मी बटणला फोन करणार. दोन रिंगा, कट. बटणनं पोस्टवालीला, पोस्टवालीनं लायब्ररीवालीला, तिनं मला. कुणी उचलायचं नाही, बोलायचं नाही. बोलत बसलो तर दुपार होईल. डबल बेल म्हणजे गाडी सुटली. बेल आली नाही तर गाडी थांबवायची, वर जायचं नि बघायचं. जिची बेल आपल्याला येते तिची किल्ली आपल्याकडे. म्हणजे कंडक्टरबाईची किल्ली मावशीकडे आली. ती घेताना मावशीचा हात असा थरथरला की कंडक्टरबाई म्हणाली, "किल्ली आहे, विंचू नाही."

तरी खरं सांगायचं तर त्या बेलनं मावशीचं जगणं सजलं. अंधार सरायच्या आत उशाशी फोन टणटणायचा. कंडक्टरबाईच्या बोटाला दम नव्हता, दुसरी रिंग पुरती वाजायच्या आतच ती कट करायची, आणि केली की नाही हे विसरून पुन्हा एकदा द्यायची. मावशी अंथरुणातच हसायची. मग आपण पोस्टवालीला द्यायची. आपली बेल गेली नाही तर तिकडं कुणाचा तरी जीव टांगणीला लागेल, या विचारानं तिचे गुडघे दुखायचे थांबत नसत, पण ती त्यांच्यासकट उठायची.

आणि मग एके दिवशी बेल उशिरा आली. उजाडलं, दूध आलं, ऊन टेबलावर चढलं आणि तेव्हा फोन वाजला. दोन रिंगा. पुरत्या, सावकाश, जणू मोजून. कट. दुसऱ्यांदा नाही. मावशीनं स्वतःची समजूत घातली, झोप लागली असेल. संध्याकाळी कंडक्टरबाई खाली आली नाही. तिच्याकडे भांडी घासायला येणारी बाई जिन्यात भेटली, म्हणाली, "त्यांना खोकला झालाय. तुम्हाला लागण नको म्हणून येत नाहीत."

लागण नको म्हणून? कंडक्टरबाई? जी सर्दी झाली की मुद्दाम तोंडावर शिंकायची? 

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. ऊन टेबलावर, दोन सावकाश रिंगा. मावशीनं मग नियम मोडला आणि उलट फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. कुणी उचलला नाही. आणि ती फोन ठेवतेय तोच तिकडून रिंग आली. दोन. कट.

हे बोट कंडक्टरबाईचं नव्हे. हे मावशीला असं लख्ख कळलं जसं दुसऱ्याच्या हातचं काज बघताक्षणी कळतं. बोट तिचं नाही, मग ती कुठाय? फोन कुणाच्या हातात आहे? तिला नको नको ते दिसायला लागलं. वर खाटेवर एक माणूस निपचित, आणि त्याच्या नावानं कुणीतरी रोज घंटी वाजवतंय.

तिनं पोस्टवालीला सांगितलं. पोस्टवाली म्हणाली, "बेल येतेय ना? मग झालं तर." लायब्ररीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "मी रोज तिला देतेच की बेल. मावशी, तुम्ही म्हणजे ना!" आयुष्यभर उगीच भिणाऱ्या माणसाची हीच तर पंचाईत. खरंच भ्यायची वेळ आली तरी कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, किल्ली होती ना? होती. खिळ्याला लटकली होती आणि मावशी तिच्याकडे पाठ करून बसायची. रोज ठरवायची, आज जाते. एक मजला चढायची आणि तिथंच थांबायची. वरून काही आवाज येतो का म्हणून कान द्यायची, आणि येत नाही म्हटल्यावर पळत खाली यायची. उद्या. उद्या नक्की. असा आठवडा उलटला. तिला अन्न गोड लागेना. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती. मैत्रीण म्हणवतेस, आणि एक दार उघडवत नाही तुला, भागूबाई!

शेवटी टेलरमास्तर वर आले. हातात कोट. त्यांनी काजात अख्खा अंगठा घातला नि आरपार काढला. "मावशी, हे काज आहे का खिडकी? गिऱ्हाईकाला वारा लागेल यातून."

मावशी एकदम रडायलाच लागली. मास्तर बिचारे गांगरले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "चला, मी येतो."

"नको. ती कशी असेल, काय नेसलेली असेल... पुरुषमाणूस आत आलेला तिला खपायचा नाही." असं म्हणताना मावशीच्या लक्षात आलं की आपण अजून ती जिवंत असल्यासारखंच बोलतोय. त्यानं तिला जरा धीर आला. "तुम्ही जिन्यात थांबा. मी ओरडले तर या."

"आणि नाही ओरडलात तर?"

"तरीही या," मावशी म्हणाली.

ती जीव मुठीत धरून चढली. मास्तर खालून दर वळणावर "मी आहे हं" म्हणत होते. दारापाशी तिनं हाक मारली. कुणी ओ दिली नाही. किल्ली भोकात जाईना, इतका हात कापत होता. सुईत दोरा ओवणारा हात! दोन्ही हातांनी धरून फिरवली तेव्हा दार उघडलं. आत कोंदट वास, पडदे ओढलेले. ओट्यावर फोन, चार्जरला लावलेला. खाट रिकामी.

"कोण?" जमिनीलगत कुठूनतरी आवाज आला. बारीक, चिरका. त्या घरातला तो आवाजच नव्हे.

भिंतीशी जमिनीवर गादी टाकली होती. त्यावर कंडक्टरबाई होती. केस विस्कटलेले, एक मनगट फडक्यानं बांधलेलं, आणि एक पाय घोट्यापासून वर काळानिळा, सुजून टम्म. मावशी दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "जिवंत आहेस?"

"दिसतंय ना? दार लाव आधी."

भांडी घासणाऱ्या बाईकडे दुसरी किल्ली होती. तिनं दुसऱ्याच दिवशी सगळं बघितलं होतं, पण कंडक्टरबाईनं तिला शपथ घातली होती. कंडक्टरबाईचा न्हाणीघरात पाय घसरला होता. मुलीनं मागच्या वेळेलाच बजावलं होतं, आई, आता एकदा पडलीस ना, तर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. मुलगी लांबच्या शहरात, कितव्यातरी मजल्यावर. दिवसभर घरात कुणी नाही. खिडकीतून खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी.

"म्हणून त्या बाईकरवी बेल द्यायला लावलीस? मला?" मावशीचा आवाज चढला. "फोन जवळ ठेवायला काय झालं होतं?"

कंडक्टरबाईनं तोंड भिंतीकडे केलं. "जवळ ठेवला असता तर पहिल्याच रात्री तुला लावला असता. रडले असते. म्हणून लांब ठेवायला सांगितला." मग म्हणाली, "घाबरले गं मी."

"तू?"

"मग? तुझ्या एकटीचीच मिरासदारी आहे का?"

मावशी खाली बसली. तिनं त्या पायाला हात लावला. भीत भीतच लावला, पण लावला. पाय तापला होता. अंगात ताप होता. कंडक्टरबाईनं चांगल्या हातानं तिचं मनगट पकडलं. "सांगू नकोस तिला. बटण, तुझ्या पाया पडते. चार दिवसांत उतरेल सूज. मग येते खाली."

मावशीला आयुष्यात कधी काही इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. सांगितलं तर ही जाणार, मुलीबरोबर, कायमची. नाही सांगितलं तर ही जाणारच, इथंच, या गादीवर. दोन्हीकडून संध्याकाळची खुर्ची रिकामी. तिला कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून बसावंसं वाटलं. ती उठली, ओट्याकडे गेली आणि मुलीला फोन लावला. दोन रिंगा झाल्या. तिनं कट केला नाही. तिसरी, चौथी, पाचवी. पलीकडून आवाज आल्यावर तिनं सगळं सांगितलं.

"फितूर!" गादीवरून कंडक्टरबाई म्हणाली. "उतर माझ्या घरातून खाली." आणि त्यानंतर ती मावशीशी बोलली नाही. मास्तरांनी गाडी आणली, चौघांनी खुर्चीत बसवून खाली उतरवली, दवाखान्यात हाताला नि पायाला प्लास्टर झालं, मावशी बाजूला स्टुलावर बसून राहिली. अक्षर नाही. चमचा पुढे केला की तोंड फिरवायची.

मुलगी आली ती तशीच, ऑफिसच्या कपड्यांत, चेहरा उतरलेला. वाईट नव्हती हो पोरगी. आईचा पाय बघून हमसून रडली. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशीला म्हणाली, "मावशी, मला काय हौस आहे का तिला उपटून न्यायची? पण रात्री कोण बघणार? उठून पाणी कोण देणार? तुम्हीच सांगा, मी कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मावशीनं इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. "माझ्या," ती म्हणाली.

"तुमच्या?" मुलीला रडता रडता हसू आलं. "मावशी, तुम्ही झुरळाला बघून शेजारी पळता."

"झुरळाला घाबरते. हिला नाही घाबरत."

धडधडीत खोटं! तिची खोली, तिची ती शेजारची खाट. रोज सकाळी डोळे उघडून तिकडे बघायचं. हे काय बोलून बसले मी? पण शब्द गेला होता. मुलगी डोळे पुसून म्हणाली, "महिनाभर बघू. जमलं तर जमलं."

कंडक्टरबाईला पहिल्या मजल्यावर आणलं. मास्तरांनी तिच्यासाठी ती शेजारची खाट जरा सरकवून दिली, मुलगी दोन दिवस राहिली, औषधं समजावून सांगून गेली. कंडक्टरबाई अजून बोलत नव्हती. मुलगी गेली त्या रात्री मावशीनं मऊ भात भरवला, तो मात्र खाल्ला. पडल्यावर भिंतीकडे तोंड. मावशी दिवा मालवून आडवी झाली.

सकाळी जाग आली तेव्हा मावशीनं डोळे उघडले नाहीत. उजेड पापण्यांना लागत होता. खाली दुधाच्या गाडीचा खडखडाट झाला. तिनं कान दिला. शेजारून काहीच ऐकू येईना. घोरणं नाही, कण्हणं नाही, खाटेची कुरकुर नाही. आली ना वेळ, तिला वाटलं. पहिल्याच दिवशी आली. हाक मारावी, पण हाक मारून ओ आली नाही तर? तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला. पांघरुणात तशीच लाकडासारखी पडून राहिली, किती वेळ ते तिलाच ठाऊक. शेवटी देवाचं नाव घेऊन तिनं मान वळवली आणि डोळे उघडले.

कंडक्टरबाई जागी होती. चांगल्या हाताच्या कोपरावर कशीबशी उठली होती, प्लास्टरचा पाय खाटेबाहेर लोंबत होता, आणि ती मावशीकडे टक लावून बघत होती. डोळे लालभडक.

"हलली मेली!" ती म्हणाली आणि धपकन उशीवर पडली. "केव्हाची बघतेय मी. तुझं पांघरूण हलेचना. हात पोचेना, पाय उचलेना. हाक मारायची म्हटलं तर धीर होईना. मारली आणि तू उठलीच नाहीस तर?"

मावशी उठून बसली. आपल्यासाठी कुणी असं घाबरलंय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. इतक्या वर्षांत ती इतरांसाठी भ्यायली होती, पण आपण उठलो नाही तर कुणाचा जीव जाईल असं कुणी असेल हे तिला सुचलंच नव्हतं. तिला हुंदका आवरेना. ती सरकून कंडक्टरबाईच्या खाटेच्या कडेला आली आणि तिथं बसून लहान पोरीसारखी रडली.

"रडतेस काय?" कंडक्टरबाई म्हणाली. तिचा स्वतःचा गाल ओला होता. "हात दे. मला मोरीकडे जायचंय."